व्यवहार अडकलाय! घरचा बिटकॉइन नोड चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी बिटकॉइन कोअर, म्हणजे व्यवहार तपासून पुढे कळवणाऱ्या नोडचं सॉफ्टवेअर, चालवणारी जी मंडळी ओळखीची आहेत, त्यांचे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात: "अरे, पाठवून चार तास झाले, अजून झिरो कन्फर्मेशन." म्हणजे व्यवहार अजून एकाही ब्लॉकमध्ये, मायनर बनवतात त्या पक्क्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात, गेलेला नाही. मग तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. शेवटी ती एकदाची लिहून काढली.

आधी एक सूचना. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, सगळी स्मॉल लेटर्समध्ये आणि मध्ये जागा न सोडता टाइप करायची. म्हणजे 'गेटमेमपूलइन्फो' हा एकच शब्द, आणि त्याच्या आधी नेहमीप्रमाणे 'बिटकॉइन-सीएलआय'.

मेमपूल म्हणजे नेमकं काय? तो असतो कुठे?

अजून ब्लॉकमध्ये न गेलेल्या व्यवहारांचा साठा, आणि तो असतो तुमच्याच मशीनच्या रॅममध्ये. हे आधी पक्कं डोक्यात बसवा, कारण पुढचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. लोकांना वाटतं की जगात कुठेतरी एक मोठी रांग आहे, तिला मेमपूल म्हणतात आणि आपण तिच्यात उभे आहोत. अशी रांग नाही. प्रत्येक नोडचा आपापला मेमपूल असतो. शेजारच्या नोडकडून एखादा व्यवहार आला की तुमचा नोड सह्या तपासतो, ज्या नाण्यांतून पैसे चाललेत ती आधीच खर्च झालेली नाहीत ना हे बघतो, फी किमान दराइतकी आहे का ते पाहतो. सगळं ठीक असेल तर तो व्यवहार स्वतःकडे ठेवतो आणि इतर पीअरना, म्हणजे जोडलेल्या नोडना, कळवतो. सरासरी दहा मिनिटांनी नवा ब्लॉक येतो, त्यात जे व्यवहार असतील ते मेमपूलमधून निघून जातात.

ब्लॉकमध्ये काय चालेल याचे नियम सगळ्यांना सारखे आहेत. मेमपूलमध्ये काय ठेवायचं हा मात्र ज्याच्या त्याच्या घरचा मामला. म्हणून दोन नोडचे मेमपूल तंतोतंत सारखे असतील अशी अपेक्षाच धरू नका.

माझ्या मेमपूलमध्ये आत्ता काय चाललंय, ते कसं बघू?

'गेटमेमपूलइन्फो' चालवा. उत्तरात 'साइझ' म्हणजे व्यवहारांची संख्या. नावावरून मेगाबाइट वाटतात, पण ती संख्या आहे. यात मीही फसलोय. 'बाइट्स' म्हणजे त्या सगळ्यांचा मिळून व्हर्च्युअल आकार (व्हीबाइटमध्ये; फीचा दर याच मापावर मोजतात). 'यूसेज' म्हणजे रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली जागा, आणि ती 'बाइट्स'पेक्षा नेहमीच बरीच जास्त दिसते, कारण व्यवहारासोबत त्याची सगळी अनुक्रमणिकाही ठेवावी लागते. 'मॅक्समेमपूल' ही मर्यादा.

सगळ्यात कामाचा आकडा 'मेमपूलमिनफी'. तुमचा नोड आत्ता कमीत कमी किती दराने व्यवहार आत घेतोय ते यात कळतं. तो हजार व्हीबाइटमागे किती बिटकॉइन अशा भाषेत येतो. ०.००००१ दिसलं तर दर व्हीबाइटला १ सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग).

३०० मेगाबाइटची मर्यादा भरली तर?

कोअरची मूळ मर्यादा ३०० मेगाबाइट आहे आणि ती 'यूसेज'वर मोजली जाते. ती ओलांडली की नोड सर्वात कमी फीदराचे व्यवहार बाहेर काढतो. एकेकटा व्यवहार बघून काढत नाही, त्याच्यावर अवलंबून असलेली पुढची साखळीही हिशोबात धरतो. मग किमान दर हाकललेल्या दराच्या थोडा वर नेतो, म्हणजे तेच व्यवहार मागच्या दाराने परत येत नाहीत. गर्दी ओसरली की हा दर साधारण बारा तासांत निम्मा होतो. मेमपूल बराच रिकामा झाला असेल तर त्याहून लवकर उतरतो.

७ मे २०२३ चे दिवस आठवतात? बीआरसी-२० टोकनच्या (बिटकॉइनवर नोंदवलेल्या नव्या टोकनच्या) लाटेत अनकन्फर्म्ड व्यवहारांची संख्या चार लाखांवर गेली होती. बिनान्ससारख्या एक्स्चेंजला बिटकॉइन काढणं काही काळ थांबवावं लागलं, आणि अडकलेले व्यवहार जास्त फी लावून पुन्हा पाठवावे लागले. पुढच्या वर्षी, २० एप्रिल २०२४ ला हाव्हिंग झालं, म्हणजे मायनरचं बक्षीस निम्मं झालं. त्या ८,४०,००० क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये मायनरचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइन, आणि नुसती फी ३७ बिटकॉइनच्या वर! त्याच ब्लॉकला रून्स हा टोकन काढायचा नवा प्रकार सुरू झाला होता, त्याची ही झुंबड.

मर्यादा वाढवू की कमी करू?

बहुतेकांनी हात लावू नये. रास्पबेरी पाय (छोटा संगणक) २ जीबी रॅमचा असेल आणि सारखा अडखळत असेल तर बिटकॉइन.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मॅक्समेमपूल=१००' लिहा. ५ च्या खाली कोअर जाऊ देत नाही. कमी केलं तर गर्दीच्या वेळी तुमचा नोड स्वस्त व्यवहार इतरांच्या आधी टाकून देईल, इतकंच. वाढवली म्हणून तुमचा व्यवहार लवकर कन्फर्म होणार नाही, कारण तो मायनरच्या मेमपूलमध्ये असावा लागतो, तुमच्या नाही.

एकच व्यवहार तपासायचाय.

'गेटमेमपूलएन्ट्री' आणि पुढे व्यवहाराचा आयडी. त्यात आकार, फी, तो केव्हा आला ('टाइम' म्हणजे तुमच्या नोडवर आल्याची वेळ, पाठवणाऱ्याने केव्हा पाठवला ती नव्हे), कुठल्या अनकन्फर्म्ड व्यवहारावर टेकून आहे ('डिपेंड्स') आणि कोण त्याच्यावर टेकलंय ('स्पेंटबाय') ते मिळतं. 'डिपेंड्स' रिकामं नसेल तर आधी तिकडे बघा. तुमची फी भरपूर असूनही व्यवहार हलत नाही, याचं कारण बरेचदा हेच निघतं: त्याचा बाप, म्हणजे ज्या व्यवहारावर तो टेकलाय तो, कमी फीचा असतो, आणि बापाच्या आधी मुलगा ब्लॉकमध्ये जाऊ शकत नाही.

'अनब्रॉडकास्ट' खरं दिसत असेल तर तुमचा व्यवहार अजून एकाही पीअरने मागून घेतलेला नाही. नेट, फायरवॉल, पीअरची संख्या, या क्रमाने तपासा. कोअर स्वतःही दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सांगत राहतं.

मित्राच्या नोडवर व्यवहार दिसतो, माझ्यावर नाही. माझा नोड बिघडलाय का?

बहुधा नाही. तुमचा नोड काल रात्री सुरू झाला असेल आणि व्यवहार परवाचा असेल, तर तो तुमच्यापर्यंत आलेलाच नाही. नवा पीअर जोडला गेला म्हणून तो जुने व्यवहार तुमच्याकडे ओतत नाही, फक्त नवे कळवतो. दुसरं म्हणजे किमान दर. वर्षानुवर्षं तो दर व्हीबाइटला १ सातोशी होता. २०२५ मध्ये आलेल्या २९.१ आणि ३० या आवृत्त्यांपासून मूळ सेटिंग ०.१ झालं. तेव्हा ०.४ दराचा व्यवहार मित्राच्या नव्या नोडवर दिसेल आणि तुमच्या जुन्या नोडला त्याचा पत्ताही नसेल. दोघांचंही बरोबर.

जाता जाता: स्वतःचा नोड असूनही लोक सार्वजनिक एक्सप्लोररवर (व्यवहार शोधायच्या साइटवर) दर पाच मिनिटांनी आपला आयडी टाकून बघतात. मग त्या साइटला कळतं की या आयपीवरच्या माणसाला या व्यवहारात रस आहे. दुसऱ्याच्या नोडवर काय दिसतं ते बघायचंच असेल तर आयपी लपवणाऱ्या टॉर ब्राउझरने बघा.

एक्स्चेंजवरून माझ्या वॉलेटला पैसे काढले, ते अडकलेत. माझ्या नोडवरून ढकलता येतील?

फी वाढवून नवा व्यवहार लिहिणं तुमच्या हातात नाही, कारण त्या नाण्यांच्या किल्ल्या एक्स्चेंजकडे आहेत. आधी व्यवहार खरंच पाठवलाय का ते बघा. स्क्रीनवर 'प्रोसेसिंग' दिसत असतं आणि आयडीच दिलेला नसतो, असं माझ्या बाबतीत घडलंय. मी दोन तास नोडवर शोधत बसलो, आणि तिकडे माणसाने मंजुरीच दिली नव्हती. आयडी मिळाला, मेमपूलमध्ये दिसतोय आणि तुमच्या पत्त्यावर येणारं आउटपुट (त्या व्यवहारातली तुमची रक्कम) आहे, तर खालचा बाप-मुलाचा उपाय तुम्हाला करता येईल. फक्त एक्स्चेंज एकाच व्यवहारात अनेक ग्राहकांना पैसे पाठवतात, त्यामुळे बाप अवाढव्य असतो आणि त्याला ढकलण्याचा खर्च तुमच्या एकट्याच्या खिशातून जातो. बऱ्याचदा वाट बघणं स्वस्त पडतं.

मीच पाठवलाय आणि फी कमी लावली. आता?

'बम्पफी' आणि पुढे आयडी. कोअर तीच नाणी वापरून जास्त फीचा नवा व्यवहार तयार करतं, सही करतं, पाठवतं. जुना बाद होतो. याला आरबीएफ, 'रिप्लेस बाय फी', म्हणतात. हार्डवेअर वॉलेट (किल्ल्या वेगळ्या यंत्रात) असेल तर 'पीएसबीटीबम्पफी', म्हणजे सही बाहेर करता येते.

पूर्वी व्यवहारात 'मला बदलता येईल' अशी खूण असली तरच इतर नोड बदली स्वीकारायचे. २०२४ च्या २८ व्या आवृत्तीपासून कोअर मूळ सेटिंगमध्येच खूण असो-नसो बदली घेतं, आणि २९ मध्ये ते बंद करायचा पर्यायही काढून टाकला.

इथे लोक दोन ठिकाणी अडतात. पहिलं, नुसता दर वाढवून भागत नाही. नव्या व्यवहाराची एकूण फी जुन्याच्या, आणि जुन्यासोबत त्याच्यावर टेकलेली जी मुलं-नातवंडं बाद होणार त्यांच्या एकूण फीपेक्षा जास्त हवी. दुसरं, त्या व्यवहारातून सुट्टे म्हणून परत आलेली रक्कम तुम्ही पुढे खर्च केली असेल तर 'बम्पफी' नकार देतं. मग खालचा उपाय.

बाप-मुलाचा उपाय म्हणजे काय? हिशोब कसा करायचा?

अडकलेल्या व्यवहारातून तुमच्याकडे जे आउटपुट आलंय, ते नव्या व्यवहारात खर्च करायचं आणि त्याला घसघशीत फी लावायची. मायनरला मुलाची फी हवी असेल तर बापालाही ब्लॉकमध्ये घ्यावं लागतं. इंग्रजीत याला सीपीएफपी म्हणतात, 'चाइल्ड पेज फॉर पेरेंट'. मुलगा बापाचं तिकीट काढतो, सरळ गोष्ट.

उदाहरण घेऊ. बाप १४१ व्हीबाइटचा (एक इनपुट, दोन आउटपुट, सेगविट म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते), दर ३ सातोशी, म्हणजे फी ४२३. बाजार १२ वर गेलाय. मुलगा एक इनपुट, एक आउटपुट, ११० व्हीबाइट. दोघं मिळून २५१. त्यांना १२ चा दर पडायला हवा, म्हणजे एकूण ३,०१२ सातोशी. त्यातले ४२३ बापाने भरलेत, उरले २,५८९. मुलाची फी २,५८९, म्हणजे त्याचा एकट्याचा दर जवळपास साडेतेवीस. लोक मुलाला १२ लावतात आणि मग विचारतात की का हलत नाही.

हाच बदल 'बम्पफी'ने केला असता तर १४१ गुणिले १२, म्हणजे १,६९२ सातोशीत काम झालं असतं. पाठवणारे तुम्हीच असाल तर आधी आरबीएफ; बाप-मुलगा नाइलाज असेल तेव्हा.

बाप जर इतका स्वस्त असेल की नोडनी त्याला मेमपूलमधून हाकललंय, तर पूर्वी हा उपाय चालायचाच नाही. मुलगा एकटा आला की 'बाप कुठाय?' म्हणून परत. २८ व्या आवृत्तीपासून एक बाप आणि एक मुलगा अशी जोडी नोड एकत्र तपासू शकतात. हाताने पाठवायचं तर 'सबमिटपॅकेज'. लायटनिंग (बिटकॉइनवरचं झटपट पैसे देण्याचं जाळं) चॅनल जबरदस्तीने बंद करायची वेळ आलेल्यांना याचा खरा फायदा.

पाठवलेला व्यवहार रद्द करता येतो का?

'रद्द' असं बटण नाही. तीच नाणी खर्च करणारा दुसरा व्यवहार कन्फर्म झाला की पहिला कायमचा मेला, एवढाच मार्ग. म्हणजे जास्त फी लावून तेच पैसे स्वतःच्याच पत्त्यावर पाठवायचे. अलीकडच्या आवृत्त्यांत 'बम्पफी'ला 'आउटपुट्स' हा पर्याय देऊन हे करता येतं. पण ही शर्यत आहे. मायनरने पहिला आधीच ब्लॉकमध्ये घेतला असेल तर तुम्ही हरलात.

मग 'अबॅन्डनट्रान्झॅक्शन' कशासाठी?

ती फक्त तुमच्या वॉलेटच्या वहीतली नोंद बदलते: 'हा व्यवहार सोडून दिला, यातली नाणी पुन्हा वापरायला मोकळी'. व्यवहार तुमच्या मेमपूलमध्ये असेपर्यंत ती चालतच नाही. आणि नेटवर्कला तिचा पत्ताही नसतो. तुम्ही सोडून दिलेला व्यवहार कुणाकडे पडून असेल आणि त्याने तो पुन्हा पाठवला, तर तो कन्फर्म होऊ शकतो. म्हणून सोडून दिल्यावर नवा व्यवहार करताना जुन्यातलं निदान एक नाणं मुद्दाम वापरा. नाहीतर दोन्ही कन्फर्म होतील आणि एकाच माणसाला दोनदा पैसे जातील. ही चूक मी एकाला करताना पाहिली आहे. समोरचा सज्जन निघाला म्हणून पैसे परत आले.

माझ्या नोडच्या मेमपूलमधून एखादा व्यवहार काढून टाकायचाय.

कोअरमध्ये तशी आज्ञाच नाही, आणि हवीही कशाला? तुमच्याकडून काढला तरी बाकी हजारो नोडकडे तो आहेच. तरीही अख्खा मेमपूल रिकामा करायचाच असेल तर नोड नीट बंद करा, डेटा फोल्डरमधली मेमपूल.डॅट ही फाइल हलवा, पुन्हा सुरू करा. वॉलेटमधले तुमचे स्वतःचे अनकन्फर्म्ड व्यवहार मात्र वॉलेट उघडताना कोअर परत आत घालतं, त्याने दचकू नका.

चौदा दिवसांनी व्यवहार आपोआप मरतो म्हणतात, खरं का?

अर्धवट खरं. 'मेमपूलएक्सपायरी'ची मूळ मुदत ३३६ तास आहे. तुमच्या नोडवर आल्यापासून तेवढा वेळ झाला की तुमचा नोड त्याला काढतो. प्रत्येक नोडचं घड्याळ वेगळं. शिवाय पाठवणाऱ्याचं वॉलेट अधूनमधून तो पुन्हा जाहीर करत राहतं. व्यवहाराला स्वतःची अशी एक्सपायरी नसते. पंधराव्या दिवशी 'पैसे परत आले' असं वाटतं, खरं तर ते कधी गेलेच नव्हते.

'प्रायॉरिटाइझट्रान्झॅक्शन' वापरून माझा व्यवहार पुढे ढकलला, तरी काही झालं नाही.

होणार नाही. ती आज्ञा तुमच्या नोडला सांगते की याची फी इतके सातोशी जास्त आहे असं समज. तुम्ही मायनिंग करत असाल तर तुमच्या ब्लॉकमध्ये तो वर येईल. घरच्या नोडला तिचा उपयोग एवढाच की गर्दीत तो तुमच्या मेमपूलमधून हाकलला जात नाही.

पाठवताना चूक येते, तिचा अर्थ काय?

पाठवण्याआधी 'टेस्टमेमपूलअ‍ॅक्सेप्ट' चालवायची सवय लावा. व्यवहार न पाठवता नुसता तपासला जातो. नेहमी भेटणारे नकार असे:

'मिन रिले फी नॉट मेट': दर नोडच्या कायमच्या किमान दरापेक्षा कमी. 'मेमपूल मिन फी नॉट मेट': गर्दीमुळे वर गेलेल्या दरापेक्षा कमी, थांबा किंवा फी वाढवा. 'मिसिंग ऑर स्पेंट': नाणी आधीच खर्च झालीत किंवा बाप तुमच्या नोडला माहीतच नाही. 'इनसफिशंट फी': बदली करताना एकूण फी पुरेशी वाढवली नाही. 'टू लाँग मेमपूल चेन': अनकन्फर्म्डवर अनकन्फर्म्ड रचत गेलात, ३० पर्यंतच्या आवृत्त्यांत मूळ मर्यादा वर आणि खाली प्रत्येकी पंचवीसची होती. 'डस्ट': आउटपुट इतकं छोटं की खर्च करायला त्याच्याहून जास्त फी लागेल; जुन्या पत्त्यांना ५४६ आणि साध्या सेगविटला २९४ सातोशीची सीमा.

'मॅक्स फी एक्सीडेड' आली तर कोअरचे आभार माना. दशांश चिन्ह बहुधा चुकलंय.

फी किती लावू?

'एस्टिमेटस्मार्टफी ६' म्हणजे सहा ब्लॉकच्या आत जायचं तर किती, याचा अंदाज. तो तुमच्या नोडने स्वतः पाहिलेल्या व्यवहारांवरून काढलेला असतो, त्यामुळे नोड नुकताच सुरू केलाय तर पुरेशी माहिती नाही असं उत्तर येतं. उत्तर हजार व्हीबाइटच्या भाषेत असतं: ०.०००१२ म्हणजे दर व्हीबाइटला १२ सातोशी. घाई नसेल तर मी रविवारी कमी दराने पाठवून विसरून जातो.

'ब्लॉक्सओन्ली' चालू केलं तर?

नेटचा डेटा वाचतो, पण पीअर तुम्हाला अनकन्फर्म्ड व्यवहार कळवतच नाहीत. मग फीचा अंदाज नाही, आणि येणारे पैसे थेट ब्लॉकमध्येच दिसतील. शिवाय तुमच्या नोडवरून जो व्यवहार निघेल तो तुमचाच, हे जोडलेल्या पीअरला उघड कळतं.

टेलिग्रामवर एक जण 'अ‍ॅक्सिलरेट' करून देतो म्हणतोय.

ब्लॉक करा. काही मायनिंग पूल पैसे घेऊन व्यवहार पुढे घेतात हे खरं, पण ते तुमच्या वॉलेटचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कधी मागत नाहीत. शब्द मागितले की तो चोरच.

वीज गेली, नोड परत सुरू झाला, आणि मेमपूल जवळजवळ रिकामा! असं का?

मेमपूल रॅममध्ये असतो, डिस्कवरच्या मेमपूल.डॅटमध्ये तो नोड नीट बंद करतानाच लिहिला जातो. गेल्या जूनमध्ये पहिल्याच वळवाला आमच्याकडे संध्याकाळी सातला वीज गेली. पायचा लाल दिवा विझला, राउटर इन्व्हर्टरवर असल्यामुळे आरामात चालू. नोड परत आला तेव्हा फाइल होती ती महिन्यापूर्वीची, मी शेवटचं नीट बंद केलं तेव्हाची. त्यातले बहुतेक व्यवहार कन्फर्म झालेले, उरलेले ३३६ तासांपेक्षा जुने. लोड झाले बोटावर मोजण्याइतके.

नुकसान काही नाही. तासाभरात नवे व्यवहार येऊन तो भरू लागतो. पण अचानक बंद पडण्याचा खरा त्रास वेगळाच: डिस्कवर न लिहिलेले ब्लॉक नोड पुन्हा तपासत बसतो. आता पाय इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे, आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनात) दर तासाला 'सेव्हमेमपूल' लावलंय. इन्व्हर्टरचं पाणी मात्र अजून हातानेच तपासावं लागतं.